अम्मीला पलंगावर बसवून ठेवणं ही सेवा नव्हे

बायपासनंतरचा बारा आठवड्यांचा व्यायामाचा कोर्स अम्मीने पूर्ण केला. शेवटी ती ट्रेडमिलवर सलग पंचवीस मिनिटं चालत होती. निरोप देताना फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "आता हे आयुष्यभर." आम्ही भावंडांनी तिला कोंढव्याच्या घरी आणलं आणि त्याच दिवसापासून बसवून ठेवलं. पाणी हातात, जेवण पलंगावर. सहा महिन्यांनी दोन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर थांबू लागली. तपासण्या झाल्या, नवा ब्लॉकेज नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "रोज चालता ना?" अम्मीने माझ्याकडे पाहिलं.

ही सेवा नव्हती. आमची भीती होती आणि थोडा आळसही. तिला फिरायला नेण्यापेक्षा चहा आणून देणं सोपं.

हार्ट अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याची रीत पूर्वी डॉक्टरांचीच होती. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाईन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं आणि 1952 मध्ये त्याबद्दल लिहिलं. डॉक्टरांनी सोडलेली ती रीत आपल्या घरांत अजून चालू आहे. कमावलेला दम चालणं थांबवलं की काही आठवड्यांत उतरू लागतो. आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मध्यम वय 53 निघालं, म्हणजे इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी.

आता अब्बूंचं बघा. त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा फजरनंतर ते दोस्तांबरोबर तळजाईला जायचे, आणि सगळा मोहल्ला शाबासकी द्यायचा. अम्मीने बूट मागितले तर खालाच म्हणाली, "या वयात कुठे भटकणार?" नवऱ्याचं हृदय चालण्याने सुधारतं आणि बायकोचं पडून राहून, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

"दिवसभर घरात राबते, तोच व्यायाम," हे एक उत्तर. ओट्याशी चार तास उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही. "पाच वक्त नमाज पढते, त्यात व्यायाम होतोच," हे दुसरं. नमाज इबादत आहे, तिच्यावर ट्रेडमिलचं काम लादू नका. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला किमान 150 मिनिटांचं आहे. वेग इतका की बोलता यावं, पण गाता येऊ नये. बायपास झालेल्यांनी तिथवर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू पोचायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

जागेची अडचण खरी आहे. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर गाड्या उभ्या असतात आणि जवळची बाग अम्मीला घरकामातून सवड मिळेपर्यंत बंद होते. नगरसेवकाकडे गटाराची तक्रार नेतो तशी हीही न्यायला हवी. पण तोवर? गच्ची आहे, सोसायटीचं पार्किंग आहे, आणि सकाळचा नाश्ता मुलगेही करू शकतात.

आमच्याकडे आता तो मी करतो. अम्मी साडेसहाला बुरख्याखाली बूट घालून निघते, आणि तीच खाला तिच्याबरोबर असते. मोठा भाई मात्र अजून म्हणतो, "बेल वाजली तर अम्मीला उठवू नका." हा लेख आधी त्यालाच पाठवतोय.