म्हणे, बायका स्टेजवर येत नव्हत्या!

बालगंधर्वांचा विषय निघाला की ग्रुपमधला कुणीतरी हे वाक्य टाकतोच: "अरे, त्या काळी बायका स्टेजवर येत नव्हत्या, म्हणून पुरुष लुगडी नेसायचे." 2011 चा सिनेमा पाहिलेले तर अगदी ठासून सांगतात. डोक्यात जातं माझ्या.

येत नव्हत्या की येऊ देत नव्हते, राव?

हिराबाई बडोदेकर घ्या. जन्म 1905, मिरज. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ताराबाई खाँसाहेबांचं घर सोडून पाचही मुलांना घेऊन बाहेर पडल्या. हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले, तेही बाईच्या गाण्याकडे समाज वाकड्या नजरेनं बघायचा त्या काळात. मग 1929 च्या सुमारास भावंडांनी स्वतःचीच नाटकमंडळी काढली. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियाच करणार! 'सौभद्र'मधली सुभद्रा म्हणजे खुद्द हिराबाई. त्याच वेळी चाळिशी ओलांडलेले बालगंधर्व नायिका रंगवत होते आणि पब्लिक वेडं होत होतं. त्यांच्या गळ्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही (कोण करेल!). पण पर्याय समोर उभा राहून गात होता, हे तरी लक्षात ठेवा की. हिराबाईंची कंपनी पुढे कर्जात गेली, ते कुणी सांगत नाही.

अमेरिकेतली मॅरियन अँडरसन आपल्याला माहीत असते. ती काळी म्हणून 1939 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलनं तिला नाकारलं, तेव्हा ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात तिला गायला मिळालं ते थेट 1955 मध्ये, वयाच्या 57 व्या वर्षी. ही गोष्ट सांगताना आपण "काळ्या बायका ऑपेरात येत नव्हत्या" म्हणतो का? तिथे क्रियापद बरोबर सुचतं.

मी घोडेगावचा. शनिशिंगणापूरच्या गाड्या आमच्याच फाट्यावरून वळतात. "बायका चौथऱ्यावर जात नाहीत" हे वाक्य तिकडे वर्षानुवर्षं असंच सहज बोललं जायचं, जणू बायकांनाच हौस नव्हती. एप्रिल 2016 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर देवस्थाननं बंदी उठवली. त्याच दिवशी बायका चौथऱ्यावर होत्या.

असो. हिराबाईंना 1970 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1989 मध्ये त्या गेल्या. रेकॉर्ड्स यूट्यूबवर आहेत. पुढच्या वेळी ते वाक्य टाकण्याआधी एक तरी ऐका.