ग्लॅडस्टन घराण्याचा पैसा
ब्रिटनचा चार वेळा पंतप्रधान झालेला विल्यम ग्लॅडस्टन ऐंशी ओलांडल्यावर वेल्समधल्या हार्डनच्या वाड्यातून हातगाडीवर पुस्तकं रचून नव्या ग्रंथालयापर्यंत ढकलत नेई. मदतीला मुलगी मेरी आणि एक नोकर. सुमारे ३२ हजार पुस्तकं त्याने अशी लोकांच्या स्वाधीन केली. म्हातारपणीचा हा उद्योग मला फार भावतो, पण या घरचा पैसा कुठून आला तेही सांगायला हवं. हार्डनची जहागीर बायकोच्या, कॅथरीनच्या, माहेरची. मेहुण्याच्या लोखंडाच्या कारखान्याचं दिवाळं निघालं तेव्हा ती तगली ग्लॅडस्टनच्या पैशावर, आणि त्यातला मोठा वाटा वडील जॉन यांच्याकडून आलेला. जॉन यांचे आजच्या गयानातल्या डेमेरारात उसाचे मळे होते. गुलामगिरी उठली तेव्हा २,५०८ माणसांच्या मोबदल्यात सरकारने त्यांना एक लाख सहा हजारांवर पौंड मोजले; राबणाऱ्यांच्या हाती छदामही पडला नाही. १८३३ साली तेवीस वर्षांच्या विल्यमने संसदेत वडिलांचीच बाजू लढवली. पुढे तो पुष्कळ बदलला, आयर्लंडच्या स्वराज्यापायी पक्ष फुटला तरी मागे हटला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली. फार उशीर झाला होता, तरी त्यांनी केलं ते योग्यच केलं.