पाय आणि चाल

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ११६ व्या सूक्तांत विश्पलेची कथा आली आहे. खेल राजाच्या युद्धांत रात्रीच्या वेळीं तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनीं तिला तत्काळ लोखंडाची जंघा बसवून दिली. विश्पला ही स्त्री कीं घोडी, याविषयीं अर्वाचीन पंडितांत मतभेद आहे. सायणाचार्य तिला स्त्रीच समजतात. तो वाद आपण बाजूस ठेवूं. आम्हांस त्या ऋचेंत महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. ऋषि लोखंडाचें कौतुक करीत बसत नाहीं. तिला पुन्हां चालतां-धावतां यावें म्हणून ती जंघा दिली, असें तो सांगतो. पाय हें साधन, चाल हें साध्य.

हेंच तत्त्व आधुनिक काळीं एका तरुणानें स्वतःच्या दुःखांतून शोधून काढलें. अमेरिकेंत यादवी युद्धास नुकताच आरंभ झाला होता. ३ जून १८६१ रोजीं फिलिपी येथील चकमकींत जेम्स हँगर या १८ वर्षांच्या विद्यार्थ्यास तोफेचा गोळा लागला आणि शत्रुपक्षाच्याच शस्त्रवैद्यास त्याचा पाय मांडींतून कापावा लागला. मिळालेला लांकडी खुंट त्यास रुचला नाहीं. घरीं आल्यावर तो कित्येक दिवस खोलीचें दार लावून बसे; आईबापांस वाटे, मुलगा खचला. परंतु तो पिंपाच्या फळ्या तासून, गुडघ्यास व घोट्यास सांधे करून, स्वतःसाठीं पाय घडवीत होता, असें सांगतात. पुढें इतर जखमी सैनिकांसाठीं तो तसे पाय करूं लागला व त्यांतूनच त्याच्या नांवाची कंपनी उभी राहिली. आज या कंपनीचीं अमेरिकेंत शेंकडों चिकित्सालयें आहेत. तेथें हातपाय नुसते विकीत नाहींत. रोग्यास तपासून, माप घेऊन, अवयव बसवून, पुढेंहि त्याची देखभाल करितात. दुर्बळ पायाचे कॅलिपर, पाठीच्या कण्याचे पट्टे यांचेंहि काम तेथें चालतें.

देखभाल हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. कृत्रिम पायाचें मर्म तळव्यांत नसून वरच्या खोबणींत असतें. तिला सॉकेट म्हणतात. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन ती घडवितात. परंतु शस्त्रक्रियेनंतर सूज उतरते, स्नायु आटतात, आणि कांहीं महिन्यांत तीच खोबण सैल होते. मग मोज्यांचे थर वाढवावे लागतात. पुढें खोबणच नवी करावी लागते. वाढत्या मुलांस तर पायच पुनःपुन्हां बदलावा लागतो. चष्म्याचा नंबर बदलला म्हणजे आपण नवीं भिंगें बसवून घेतों; पाय टोचूं लागला म्हणजे मात्र त्यास माळ्यावर टाकून मोकळे होतों!

आपल्याकडे या विद्येची वानवा नाहीं. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४ सालीं, जखमी जवानांसाठीं निघालें; आज तेथें नागरिकांवरहि उपचार होतात. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयांत १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं जो रबरी पाय घडविला, त्याची कीर्ति सर्वश्रुत आहे. विलायती पायास बूट लागे. मांडी घालणें, उकिडवें बसणें त्यावर कठीण जाई. जयपूरचा पाय अनवाणी चालतो, शेताच्या चिखलांतहि शिरतो. अल्पशिक्षित कारागिराची दृष्टि आणि शल्यविशारदाचें ज्ञान यांचा असा संगम विरळा.

मग अडतें कोठें? आम्हांस वाटतें, पुष्कळदां घरांतच. आजकाल मधुमेहामुळें पाय गमावण्याचे प्रसंग सुशिक्षित कुटुंबांतहि येतात. अशा वेळीं घरचीं माणसें वडिलांची मनोभावें शुश्रूषा करितात, परंतु मनांत ठरवून टाकितात कीं, आतां यांचें चालणें संपलें. ममतेनें गुडघ्याखालीं उशी ठेवितात. त्या उशीनेंच गुडघा आंखडतो आणि पुढें कृत्रिम पाय बसविणें अवघड होतें. पाहुणे आले म्हणजे आजोबांच्या खोलीचें दार लोटून घेतात. प्रत्येकास पुन्हां चालतां येईलच असें नाहीं. हृदय दुर्बळ असेल, दुसरा पायहि अधू असेल. परंतु तो निर्णय तज्ज्ञानें तपासून द्यावा, आप्तेष्टांनीं कींव करून नव्हे. हातांत आणून दिलेल्या दुधापेक्षां स्वतः चालत जाऊन घेतलेलें पेलाभर पाणी माणसास अधिक गोड लागतें.

म्हणून पाय घेतांना केवळ किंमत विचारूं नये. चालावयास कोण शिकवील, खोबण सैल झाल्यास कोण व किती दिवसांनीं भेटेल, हें आधीं विचारावें. उरलेल्या पायाचा तळवा रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत पहावा. मधुमेह्यास पुष्कळदां जखमेची वेदना कळतच नाहीं. आणि जे दानशूर गृहस्थ असे पाय वांटतात, त्यांनीं वांटलेल्या पायांची संख्या अवश्य मोजावी. परंतु वर्षभरानें त्यांपैकीं किती पाय रस्त्यावर आहेत आणि किती माळ्यावर, हेंहि एकदां मोजून पहावें.