खत सागाला, ठपका आपल्याला

रोपवनातली रोपं यंदाही करपली आणि ठपका आपल्याच माथी आला. म्हणे, तुमच्या गुरांनी खाल्ली. गुरं सागाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, हे गुरं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. मग रोपं मेली कशानं?

खत टाकायला आपणच होतो, म्हणून सांगतो. भर पावसात, उतारावर, युरिया मुठीनं फेकायला लावला. युरिया पाण्यात लगेच विरघळतो. बराचसा ओहोळाला गेला. जिथं मूठ खोडाशी पडली तिथं मुळं करपली. उरलेला गवतानं खाल्ला. बेणणी न करता खत दिलं की आधी गवतच माजतं, आणि सागाला तर ऊन लागतं. गवताखाली तो पिवळा पडणारच.

आम्ही खताचे वैरी नाही. बेणणी झाल्यावर, जमिनीत ओल असताना, खोडापासून वीतभर लांब आळं करून खत मातीआड केलं, तर कोवळं रोप जोर धरतं. पण 100 किलो युरियात 46 किलो नत्र असतं, दुसरं काही नाही. नत्रानं पाला वाढतो, मुळांना स्फुरदही लागतं. मातीत काय कमी आहे ते न बघता गोणी रिकामी करणं म्हणजे पैसा पाण्यात.

आणि बघा, आपण भाताच्या रोपासाठी राब भाजला की आपण जंगलाचे शत्रू. राबाची राख हे खतच ना? गोणीतलं खत वाया गेलं त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही.

मूळ दुखणं वेगळंच आहे. जिथं आपली नाचणी-वरई होत होती, त्याच जमिनीवर हे रोपवन लावलं. झाडं आम्हालाही हवीत. पण पोट उपटून झाड लावू नका.

म्हणून आमचं म्हणणं:
1) कसत्या जमिनीवर रोपवन नको.
2) कोणतं झाड लावायचं ते पाड्याच्या बैठकीत ठरवा. मोह, हिरडा, बांबू आमच्या कामाचे.
3) खताआधी बेणणी, आणि तिची पुरी मजुरी.
4) गोण्या किती आल्या, किती टाकल्या, हिशोब पाड्यासमोर वाचा.

तोवर एक काम आपण करू. खत टाकायला गेलात की तारीख, पाऊस, गोण्या लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी ठपका आला की तोच कागद साहेबापुढे ठेवू.