हार्लेचे स्वार कोठे गेले?

हार्ले-डेव्हिडसन या जगप्रसिद्ध अमेरिकन मोटारसायकलला नवे स्वार मिळेनासे झाले आहेत, अशी हाकाटी भांडवली वृत्तपत्रांच्या अर्थपृष्ठांवर गेली कित्येक वर्षे चालू आहे. १९०३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात स्थापन झालेले हे घराणे. २००६ साली त्याने जगभर सुमारे साडेतीन लाख गाड्या कारखान्यांतून बाहेर पाठविल्या होत्या. २०२४ साली हा आकडा दीड लाखाच्याही किंचित खाली उतरला. जुनी गिऱ्हाइके म्हातारी झाली, तरुण दुकानाकडे फिरकत नाहीत. दोष कोणाचा? अर्थपंडितांचे उत्तर ठरलेले आहे : दोष तरुणांचा! त्यांना वारशाची चाड नाही, इंजिनाच्या घनगंभीर आवाजातले काव्य त्यांना उमगत नाही, ते मोबाइलमध्ये मान घालून बसले आहेत.

भारतापुरते बोलायचे तर आणखी एक आरोपी पिंजऱ्यात उभा केला जातो. तो म्हणजे आयात शुल्क. २४ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने भारतातील आपली विक्री आणि हरियाणात रेवाडी जिल्ह्यातील बावल येथील उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा परदेशी भांडवलाला आपण पुरेसा मान देत नाही म्हणून ते निघून जाते, असे गळे काढणाऱ्यांचा दिल्लीत सुकाळ झाला. वॉशिंग्टनहून ट्रम्प महाशय तर आधीपासूनच भारताच्या जकातीवर तोफ डागीत होते, आणि त्यांच्या त्या गर्जनेपुढे मोदी सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये शुल्क ५० टक्क्यांवर आणून ठेवलेही होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आणखी खाली आले : १६०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ४० टक्के, त्यावरच्या अवजड गाड्यांना ३० टक्के.

मुक्त व्यापाराचे हे स्तोत्र ज्या कंपनीच्या नावाने गाइले जाते, तिचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? १९८३ साली जपानी मोटारसायकलींच्या स्पर्धेने हार्ले बुडण्याच्या बेतात आली होती. त्या वेळी ती धावत गेली ती सरकारकडे. आणि मुक्त बाजारपेठेचे महंत रोनाल्ड रेगन यांनी ७०० सीसीहून मोठ्या परदेशी मोटारसायकलींवरील शुल्क ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेले. म्हणजे आज ज्या वारशाचा एवढा उदोउदो चालतो तो जकातीच्या भिंतीआड जगविला गेलेला वारसा आहे. आपल्या घराला कुंपण, दुसऱ्याच्या घराची मात्र भिंतही पाडा, असा हा न्याय!

मराठी वाचकाला या कहाणीतील एक प्रकरण विशेष जवळचे वाटेल. हार्लेची गाडी भारतात आली ती आंब्याच्या पेटीच्या बदल्यात. १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे बंद होती. एप्रिल २००७ मध्ये ती उघडली आणि लासलगावच्या विकिरण केंद्रातून निघालेला हापूस विमानाने न्यूयॉर्कला गेला. त्याच सौद्यात भारत सरकारने ८०० सीसीवरील मोटारसायकलींसाठी प्रदूषणविषयक नियमांची वाट मोकळी करून दिली. त्या सौद्यातून रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराच्या पदरात काय पडले आणि निर्यातदाराच्या पदरात काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवू की दार उघडले गेले होते. २००९ साली कंपनीने भारतात पाय रोवण्याचे जाहीर केले, गुडगावात मुख्यालय थाटले, २०१० मध्ये दुकाने उघडली आणि २०११ मध्ये बावलच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग आणून जोडणी करण्याचा कारखाना सुरू केला.

आता जकातीच्या युक्तिवादाकडे पुन्हा वळू. २०१४ च्या आरंभी ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात कंपनीने ‘स्ट्रीट ७५०’ ही गाडी बाजारात आणली. खास तरुणांसाठी, शहरी रस्त्यांसाठी, नव्या स्वारांसाठी म्हणून. ही गाडी बावलमध्येच तयार होत होती आणि येथून परदेशीही जात होती. तिला आयातीच्या तयार गाडीची जकात लागण्याचा प्रश्नच नव्हता. मग तिच्यामागे तरुणांची रांग का लागली नाही?

उत्तर किमतीच्या पाटीवर होते : दिल्लीत ४ लाख १० हजार रुपये. पुढच्या वर्षी, २०१५ च्या अखेरीस, हरियाणा सरकारने अकुशल कामगाराचे किमान वेतन वाढविले आणि ते महिना ७,६०० रुपये झाले. गणित शाळकरी पोरालाही येईल. बावल-धारूहेडा पट्ट्यातील कामगाराने चार वर्षे आणि सहा महिने काही खाल्ले नाही, भाडे दिले नाही, गावी आईला पैसे धाडले नाहीत, तर त्याला आपल्याच वसाहतीत तयार होणारी सर्वांत स्वस्त हार्ले घेता आली असती. या कामगाराला वारशाची चाड नाही म्हणणे हा निव्वळ कोडगेपणा आहे.

२०१९-२० या वर्षात भारतात सुमारे पावणेदोन कोटी दुचाकी खपल्या. त्यांत हार्लेच्या गाड्या अडीच हजारसुद्धा नव्हत्या. दुचाकीवर बसणाऱ्यांचा एवढा महासागर जगात फार थोड्या देशांत असेल. त्याच्या काठावर उभे राहून ‘स्वार मिळत नाहीत’ म्हणणाऱ्याला तहान कसली लागली आहे, हे ओळखले पाहिजे. त्याला स्वार नको असतात. त्याला एकेका गाडीमागे मिळणारा भरघोस नफा हवा असतो.

आणि हे आम्ही पदरचे सांगत नाही. २०१७ मध्ये कंपनीने घोषणा केली होती की दहा वर्षांत एकट्या अमेरिकेत २० लाख नवे स्वार घडवू. अशा घोषणेनंतर कारखाने वाढतील असे भाबड्या माणसाला वाटेल. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ८०० कामगारांचे काम गेले. त्याआधी महिनाभर अमेरिकन काँग्रेसने बड्या कंपन्यांवरील करात प्रचंड कपात केली होती, आणि ती करताना यातून कामगारांना नोकऱ्या मिळतील असे सांगितले होते. नोकऱ्या मिळाल्या नाहीत. कारखानाबंदीच्या घोषणेनंतर काही दिवसांतच भागधारकांचा लाभांश वाढला आणि दीड कोटी शेअर बाजारातून परत विकत घेण्याची योजना मंजूर झाली. २०२० मध्ये नवे मुख्याधिकारी योखेन झाइट्झ आले. त्यांचे धोरण आणखी सरळ होते : थोड्या बाजारपेठा, थोडी मॉडेले, महाग गाड्या. त्या धोरणात बावलचा बळी गेला.

खुद्द अमेरिकेतला तरुण तरी गाडी घेणार कशाने? तेथील विद्यार्थ्यांच्या डोक्यावर दीड लाख कोटी डॉलरहून अधिक शैक्षणिक कर्जाचा बोजा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत संघटित कारखाना-कामगाराला जे स्थिर वेतन मिळाले, त्यावर हार्लेचा गिऱ्हाईकवर्ग उभा राहिला होता. ते वेतन मोडले, संघटना मोडल्या, कारखाने परदेशी गेले. नातवाच्या हाती आजोबांचा रोजगार राहिला नाही. आजोबांची मोटारसायकल मात्र त्याने हप्त्यांवर घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जुने नाव खपत नाही असे म्हणता, मग बुलेट कशी खपते? रॉयल एनफिल्डची ब्रिटनमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास लयाला गेली. भारतात मात्र तिची गाडी आजही वर्षाला लाखांनी विकली जाते, आणि दिल्लीच्या करोल बागेतील मोटारसायकलींचा बाजार पाहिला तर तरुणांना वारशाचे वावडे आहे असे कोणी म्हणणार नाही. हे खरे आहे. पण बुलेट या देशात रुजली कशी? १९५० च्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीसाठी तिची मागणी नोंदविली, म्हणून १९५५ पासून मद्रासमध्ये तिची जोडणी आणि पुढे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक पैशाने पहिले गिऱ्हाईक पुरविले. फौजी आणि पोलिस शिपाई तिच्यावर बसले, तालुक्याच्या गावचा मिस्त्री तिचे इंजिन उघडायला शिकला, आणि जुनी गाडी बापाकडून मुलाकडे गेली. वारसा म्हणतात तो हा. जाहिरातीचे कंत्राट देऊन तो तयार होत नाही.

दिल्लीच्या वेशीवरच याहून बोलके उदाहरण आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून ‘राजदूत’ तयार होऊ लागली, ती पोलंडच्या ‘एसएचएल’ या सरकारी कारखान्याच्या गाडीवरून. १७५ सीसीची ही ओबडधोबड गाडी. दिसायला देखणी म्हणता येणार नाही. पण उत्तर हिंदुस्थानातील दूधवाल्याने तिच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधले, मास्तर तिच्यावर शाळेत गेले, वराती तिच्यावरून निघाल्या. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिचे लहानगे भावंड झळकले आणि पोरांनी त्या गाडीचे नावच ‘बॉबी’ पाडले. राजदूत आज बनत नाही. तरीही हरियाणा-पश्चिम उत्तर प्रदेशातील साठीचा शेतकरी तिचे नाव काढताच हसतो. मिलवॉकीच्या कोणत्याही प्रचारखात्याला असे हसू विकत मिळालेले नाही.

त्याच मातीतला आजचा तरुण मोटारसायकलपासून दूर गेला आहे काय? गुडगावच्या कोणत्याही चौकात संध्याकाळी उभे राहा. पाठीवर लाल, नारिंगी, पिवळी पेटी बांधलेले शेकडो तरुण दुचाकीवरून समोरून जातील. नीती आयोगाच्याच अंदाजाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात अशा तऱ्हेचे फुटकळ कामावरचे ७७ लाख श्रमिक होते. या व्यवस्थेत मालकाने श्रमाचे साधनसुद्धा कामगाराच्याच गळ्यात बांधले आहे : गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, हप्ता त्याचा, अपघातही त्याचाच. दिवसाचे दहा-बारा तास खोगिरावर काढणाऱ्या या माणसाला ‘मुक्त रस्त्याचे स्वातंत्र्य’ विकायला निघालेल्यांच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे!

गाड्या घडविणाऱ्यांची गतही याहून वेगळी नाही. दिल्ली-जयपूर महामार्गालगतचा गुडगाव, मानेसर, धारूहेडा, बावल हा पट्टा म्हणजे देशाच्या दुचाकी उद्योगाचे एक मोठे केंद्र. याच पट्ट्यात होंडाच्या मोटारसायकल-स्कूटर कारखान्यातील कामगारांवर २५ जुलै २००५ रोजी गुडगावात पोलिसांनी केलेला अमानुष लाठीमार साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी संघटना बांधली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यातील कंत्राटी कामगारांना कामकपातीविरुद्ध धरणे धरावे लागले. एकाच पट्ट्यावर, एकाच मापाचा नट आवळणारे दोन कामगार. एक कायम, दुसरा कंत्राटी, आणि वेतन मात्र जमीन-अस्मानाचे. नवा स्वार या दुसऱ्या माणसाच्या खिशातून यायचा होता.

किंमत उतरली की काय घडते याचा पुरावा खुद्द हार्लेनेच पुढे दिला. बावल सोडल्यानंतर महिनाभरात, ऑक्टोबर २०२० मध्ये, कंपनीने दिल्लीच्या हीरो मोटोकॉर्पशी करार केला. जुलै २०२३ मध्ये हीरोने बनविलेली ‘एक्स ४४०’ आली. आरंभीची किंमत २ लाख २९ हजार. महिनाभरात २५ हजारांहून अधिक लोकांनी आगाऊ नोंदणी केली. २०१९-२० च्या अख्ख्या वर्षाच्या विक्रीच्या दहापट! जे तरुण वारशाला मुकले म्हणून सांगितले जात होते ते एका महिन्यात कोठून उगवले? कामगाराच्या आवाक्यात हीही गाडी नाही, हे खरे. पण निम्म्या किमतीने एवढा फरक पडतो, तर आजारी गिऱ्हाईक नव्हते, किंमत होती. सप्टेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील वस्तू-सेवा कर १८ टक्क्यांवर आणला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के केला. म्हणजे आता पुन्हा सरकारच्या नावाने बोटे मोडायला कंपनीला निमित्त मिळाले.

ही ‘एक्स ४४०’ तयार होते राजस्थानात नीमराणा येथे, बावलहून त्याच महामार्गाने थोडे पुढे. बावलचा कारखाना बंद झाला तेव्हा सुमारे ७० कामगारांना घरी पाठविण्यात आले. विक्रेत्यांच्या दुकानांत व सेवाकेंद्रांत मिळून सुमारे दोन हजार नोकऱ्या जातील, असा अंदाज त्यांच्या महासंघाने व्यक्त केला होता. हीरोशी झालेल्या कराराच्या निवेदनात गाड्यांना, सुट्या भागांना, अगदी जाकिटांनाही जागा होती. पुण्याजवळ तळेगावात जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात हेच केले. तेथील कामगार पुढे वर्षानुवर्षे कज्जे लढत राहिले आणि कारखाना ह्युंदाईला विकला गेला. कंपनी जाते, बोधचिन्ह दुसऱ्याच्या दारावर लागते, नवे भांडवल जुन्याच महामार्गावर येते. कामगार तेवढा करारात नसतो. औद्योगिक वसाहतीत जमीन, वीज आणि सवलती देताना सरकारने कारखाना विकताना किंवा हलविताना कामगारांना त्याच उत्पादनावर सामावून घेण्याची अट घातली पाहिजे, आणि कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी कामगार राबविण्यास बंदी केली पाहिजे. नीमराण्यात हार्लेच्या नावाची गाडी जोडली जात आहे. बावलच्या त्या सत्तर जणांना ती जोडता येत होती.