नावाची भांडणे पुरे, आता रिपोर्ट दाखवा!



काही महिन्यांपूर्वी बँकेत आमच्या काउंटरवर एक काका आले. मुदतीआधी एफडी मोडायची होती. ग्राहकाचे बाहेर बोलू नये हा आमच्या नोकरीचा धर्म, म्हणून नाव, गल्ली, इस्पितळ काहीच लिहीत नाही. एवढेच सांगतो की माणूस आपला, नंदुरबारकडचा, सारा जन्म लूमवर गेलेला. काकूंचे ऑपरेशन झाले होते. ऑपरेशन उत्तम झाले असे डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि काकू आयसीयूत गेल्या. काकांनी फॉर्मबरोबर सगळी फाइलच आमच्यापुढे सरकवली. "भाऊ, जरा वाचून सांगा ना, यात काय लिहिलंय?"

त्या फाइलमध्ये एक कागद होता, कल्चर रिपोर्ट. आम्ही कॉमर्सचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण रकाने वाचायची सवय आहे. डावीकडे पंधरा-वीस औषधांची नावे आणि प्रत्येक नावापुढे इंग्रजीतले एक अक्षर. एस म्हणजे औषध चालते, आर म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. काकूंच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. तळाशी एकाच औषधापुढे वेगळे अक्षर होते. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो म्हणून डॉक्टर अगदी शेवटी हात घालतात ते औषध.

काकू वाचल्या नाहीत. दुसरी एफडी मोडायची वेळ आली नाही.

हा विषय काढला तेव्हा मंडळातल्या दोन ज्येष्ठांनी आम्हाला टोकले. "हे डॉक्टरांचे काम. आपल्या पत्रकात तिकिटाचे, मराठी शाळांचे, समाजाच्या हक्काचे लिहावे." आम्ही नम्रपणे विचारतो, स्मीमेर इस्पितळ कोणाचे? सुरत महानगरपालिकेचे. ते चालते आपल्या करातून. महानगरपालिकेत आपल्या मतांवर निवडून आलेले मराठी कॉर्पोरेटर बसतात. 2012 पासून लिंबायतला स्वतःचा आमदार आहे. मग त्या इस्पितळातल्या आयसीयूत कोणता जंतू फिरतो आणि तो कोणत्या औषधाला दाद देत नाही, हा प्रश्न राजकीय नाही तर काय आहे? चौकाला नाव कोणाचे द्यायचे यावर आपण महिनोन्महिने भांडतो. हा प्रश्न सभेत आपल्यापैकी कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही.

नावावर भांडायचे आणि रोग राहू द्यायचा, ही खोड मात्र एकट्या लिंबायतची नाही.

सप्टेंबर 1994 आठवा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली. नंतर तापीचा पूर ओसरला आणि वेडरोडच्या बाजूने फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या सुरू झाल्या. उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. कितीतरी खाजगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून निघून गेले. वडिलांनी कुठूनशी टेट्रासायक्लीनची एक स्ट्रिप आणली. ती तीन घरांत वाटली गेली, ज्याला जेवढी मिळाली तेवढी. मेडिकलवाल्यांकडे नंतर तीही मिळेना. 50 हून अधिक माणसे दगावली. आणि पुढे कित्येक वर्षे वाद काय, तर हा प्लेग होताच की नव्हता! डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीने प्लेगच असल्याचे सांगितले, तरी वाद चालूच राहिला. वाद लांबला कारण सुरुवातीला नमुने नीट घेऊन जंतू वेगळा करण्याची तयारी कमी पडली. औषध आधी पोटात गेले की नमुन्यात जंतू उगवणेही अवघड होते. 1995 साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि शहर झाडून निघाले. त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण रस्त्यावरचा कचरा डोळ्यांना दिसतो, वॉर्डातला जंतू दिसत नाही.

2010 साली तोच खेळ देशपातळीवर झाला. शेवटच्या फळीची अँटिबायोटिक्स निकामी करणारे एक विकर जंतूंमध्ये सापडले. त्याच्या नावात नवी दिल्ली आली म्हणून संसदेपर्यंत संताप पोचला. परदेशी कंपन्यांचे कारस्थान म्हणून ओरड झाली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा इस्पितळातल्या आपल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवले होते की, या औषधांना न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये ते विकर आहे. ते कोणी वाचले? पुढे डिसेंबर 2011 मध्ये त्याच इस्पितळातल्या डॉ. झरीर उदवाडियांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे आणले. तेव्हा सरकारचा आक्षेप कशाला? पुन्हा नावाला!

2021 साली काळी बुरशी आली. त्याआधी हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? सिव्हिल आणि स्मीमेरमध्ये वेगळे वॉर्ड उघडावे लागले, माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. मधुमेह आणि भरमसाट स्टेरॉइड यांनी तिला वाट करून दिली. औषधाच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावभर फिरत होते. लाट ओसरली, वॉर्ड बंद झाले, आपण विसरलो.

आयसीएमआरचे आकडे सांगतात की क्लेबसिएला नावाच्या जंतूवर इमिपेनेम हे भारी औषध 2016 साली 65 टक्के नमुन्यांत चालत होते, 2021 साली 43 टक्क्यांत. 2019 या एका वर्षात भारतात सुमारे 2 लाख 97 हजार मृत्यू थेट अशा हट्टी जंतूंमुळे झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल खायला लागली आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. साधी सर्दी, व्हायरल ताप, की आपण मेडिकलवर जाऊन "ती मागची गोळी द्या" म्हणतो. व्हायरलवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी घेतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फ्रिजवर, पुढच्या वेळेसाठी! बाटला चढवला नाही तर डॉक्टर कच्चा ठरतो. मग चढवणारे मिळतातच. डिसेंबर 2024 मध्ये सुरत पोलिसांनी बनावट वैद्यकीय पदव्या विकणारी टोळी पकडली. सत्तर हजारांच्या आसपास एक, अशा सुमारे 1200 पदव्या वाटल्या गेल्याचा आरोप आहे. पांडेसरा आपल्यापासून किती लांब आहे? असल्या दवाखान्यात सुई टोचून घेणारे कोण आहेत, हे आम्ही सांगायला हवे का?

कायदा नाही असेही नाही. 1 मार्च 2014 पासून एच-1 यादीतली औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. सेफिक्झिमसारखी आपल्या घराघरात गेलेली गोळी त्यात आहे. दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे नाव आणि औषध किती दिले ते वेगळ्या रजिस्टरात लिहून 3 वर्षे जपायचे असते. आमच्या शाखेत एक व्हाउचर हरवले तर ऑडिटर आम्हाला उभे करतो. लिंबायत, डिंडोलीतली ही रजिस्टरे शेवटची कोणी उघडली?

काही म्हणतील, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्ण मरू द्यायचा का? मुळीच नाही. रक्त-लघवीचा नमुना आधी घ्यायचा, औषध लगेच सुरू करायचे आणि रिपोर्ट आला की त्याप्रमाणे बदलायचे. जंतू उगवायला वेळ लागणारच, पण नमुनाच घेतला नाही तर उगवणार काय? खर्च काही शे रुपयांचा. काकांच्या बिलात एका दिवसाच्या इंजेक्शनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता.

म्हणून मंडळातर्फे आयुक्तांना आणि आपल्या प्रत्येक कॉर्पोरेटरला पत्र द्यायचे ठरवत आहोत. स्मीमेरमध्ये कोणत्या वॉर्डात कोणता जंतू सापडला, त्यावर कोणते औषध चालते, कोणते नाही, याचा तक्ता दर 6 महिन्यांनी जाहीर करा. दाखल रुग्णाचा कल्चर रिपोर्ट न मागता नातेवाइकाच्या हातात द्या आणि गुजराती, हिंदी किंवा मराठीत समजावून सांगा. इस्पितळाच्या संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठका होतात का, तेही सभागृहात सांगा. मेडिकलची रजिस्टरे तपासायला लावण्यासाठी औषध खात्याला वेगळे पत्र जाईल. खाजगी इस्पितळांवर आपला जोर कमी चालेल हे आम्हाला माहीत आहे, पण आधी घरचे इस्पितळ तरी धरू.

पत्राचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सह्या रोज संध्याकाळी 7 नंतर. ज्यांच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी आयसीयूत होते त्यांनी त्या वेळची फाइल सोबत आणावी. रुग्णाचे नाव झाकून रिपोर्टची झेरॉक्स आम्ही पत्राला जोडू. काकांनी त्यांचा कागद दिला आहे.