बरे वाटणे आणि बरे होणे

वार्षिकासाठी कुत्र्याच्या पिलावर लेख देतो आहे, असे सांगितल्यावर वर्गमित्र हसले. "अरे, बेकारीवर लिही, राजकारणावर लिही," असा सल्लाही मिळाला. पण माझा विषय वाटतो तितका बेकारीपासून दूर नाही, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल.

गेल्या पावसाळ्यात पर्वतीच्या पायथ्याशी, आमच्या वस्तीत, तीन-चार महिन्यांच्या एका पिलाला रिक्षाने धडक दिली. मागच्या मांडीचे हाड मोडले. गणेश मंडळाच्या पोरांनी तासाभरात वर्गणी जमवली. जनावरांच्या डॉक्टरांनी हाडात सळई घालून ते जोडले. मग प्रश्न आला, आता सांभाळणार कोण? सगळे माझ्याकडे पाहू लागले. कॉलेजात जातो म्हणजे रिकामा असतो, असा आमच्याकडे समज आहे. पिलू आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आले. आईने तिचे नाव ठेवले भिंगरी.

"माझे काम झाले. पुढचे सहा आठवडे तुमचे," डॉक्टर म्हणाले. उडी नको, जिना नको, पळणे नको. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे. माणसाची दुखण्यावरची गोळी चुकूनही द्यायची नाही. आपल्याला साधी वाटणारी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

पहिले चार दिवस सोपे गेले, कारण तिला दुखत होते. पाचव्या दिवशी तिला बरे वाटू लागले आणि आमची परीक्षा सुरू झाली! नरसाळे भांड्यांवर आदळे, दाराची कडी वाजली की झेप. दुखणे आधी थांबते, हाड मात्र पुष्कळ नंतर जुळते. मधल्या दिवसांत धावले तर सळई सरकायची आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. माझ्यावर कुत्र्याला धावूच न देण्याची वेळ आली.

उपाय आईने काढले. फरशीवर पाय घसरतो म्हणून पोती अंथरली. खाटेखाली फळ्या लावून छोटी जागा केली. बाहेर न्यायचे ते दोरी बांधून, शी-लघवीपुरते. भाकरीचे तुकडे ती जुन्या चिंधीच्या गाठींत बांधून देई. वास घेत त्या सोडवता सोडवता पिलू पाय न हलवता दमून झोपे.

एका रात्री भिंगरीचे केविलवाणे रडणे मला ऐकवेना. मी फळी काढायला गेलो. आईने हात धरला. म्हणाली, "तुझ्या बापाला असंच सोडलं होतं मी."

वडील बिगारी काम करतात. मी सातवीत असताना त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. काही आठवडे ओझे उचलू नका, असे बजावले होते. बाराव्या दिवशी त्यांना बरे वाटले, घरातले पीठ संपले होते, आणि ते नाक्यावर जाऊन उभे राहिले. वर्षाच्या आत दुसरे ऑपरेशन झाले. आम्ही त्याला नशीब म्हणत आलो. मला आता ते नशीब वाटत नाही.

विश्रांती हा औषधोपचाराचाच भाग आहे. पण ज्याची मजुरी रोजची, त्याला ते औषध परवडत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कायद्याने आलेला हक्क आहे. नाक्यावरच्या मजुराला आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला असे पान कुठे आहे? ऑपरेशनला वर्गणी निघते, सहा आठवड्यांच्या भाकरीला निघत नाही. भिंगरीच्या बाबतीतही हेच झाले नाही का?

हा प्रश्न केवळ वस्तीचा नाही. डेंग्यूत ताप उतरतो आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असू शकतात. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून ते सोडले, तर रोग उलटतो आणि औषधांनाही दाद देईनासा होतो. तरीही ७५ टक्के हजेरीच्या धास्तीने आपल्यातले कित्येकजण अंगात कणकण असताना वर्गात येऊन बसतात. "आता तर चांगला दिसतोस!" असे आपणच त्यांना म्हणतो.

कोणी म्हणेल, माणसांची ही दशा असताना कुत्र्याचे एवढे कौतुक कशाला? मी म्हणतो, भिंगरीला खाटेखाली सहा आठवडे राखले म्हणूनच मला वडिलांचा बारावा दिवस कळला.

सातव्या आठवड्यात क्ष-किरण फोटो काढला. हाड जुळले होते. दोरी सोडली तेव्हा ती बोळाच्या टोकापर्यंत एका दमात पळाली. वडील उंबऱ्यात उभे राहून पाहत होते. "पोरीला पुरती रजा मिळाली," एवढेच ते म्हणाले.

प्राध्यापकांना आणि मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. आजारातून उठलेला विद्यार्थी वर्गात लवकर दिसला, तर त्याच्या चिकाटीचे कौतुक करू नका. त्याला आपल्या वह्या द्या आणि घरी पाठवा.